चेहऱ्याची नस, न आवरणारं डोकं आणि नसेला करंट: सोलापुरात नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे पान एका यंत्राबद्दल आहे: कातडीखाली बारीक वायर ठेवून नसेला सौम्य करंट देणारं, औषधांनी न आवरणाऱ्या चेहऱ्याच्या आणि डोक्याच्या दुखण्यासाठी. ते कुणाला लागतं आणि त्याआधी काय करून बघायचं, हेही यात आहे.

'चेहऱ्याची नस दुखते' म्हणजे नेमकी कोणती नस?

मेंदूतून निघणारी पाचव्या क्रमांकाची नस, ट्रायजेमिनल. चेहऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक असते आणि कानाच्या पुढे, कवटीच्या आत तिच्या तीन फांद्या होतात. पहिली कपाळ आणि डोळ्याला जाते, दुसरी गाल, वरचा ओठ आणि वरच्या दातांना, तिसरी खालचा जबडा, हनुवटी आणि खालच्या दातांना. स्पर्श, ऊन-थंड आणि दुखणं ही नस मेंदूला कळवते.

तोंड वाकडं होतं ते सातव्या नसेमुळे. ती वेगळी. 'नसेला वायर लावली की तोंड वाकडं होईल का' ही भीती जवळजवळ प्रत्येक घरात असते, म्हणून आधीच सांगतो: या उपचारात सातव्या नसेवर काही बसवत नाहीत.

माझं दुखणं यातलं कोणतं, हे कसं ओळखायचं?

घड्याळावरून. किती दुखतं यापेक्षा किती वेळ दुखतं आणि दुखताना माणूस काय करतो, यावरून जास्त कळतं.

गालात किंवा जबड्यात वीज चमकल्यासारखी सणक आली, काही सेकंदांत गेली (जास्तीत जास्त दोन मिनिटं), आणि ती दात घासताना, तोंड धुताना, दाढी करताना, गार वारा लागला की किंवा घास चावताना येत असेल, तर तो ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाणाऱ्या गावात हा आजार लवकर उघडा पडतो: माणूस भाकरी दुधात कालवून, एकाच बाजूने, हळूहळू खायला लागतो आणि घरचे म्हणतात दाढ दुखत असेल. बहुतेकांत मेंदूच्या बुंध्याजवळ एखादी रक्तवाहिनी नसेला घासत असते.

एका डोळ्याच्या मागे आणि कानशिलात 15 मिनिटं ते तीन तास भोसकल्यासारखं दुखतं, त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी येतं, नाक बंद होतं किंवा वाहतं, पापणी उतरते आणि माणूस एका जागी बसूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो, तर ती क्लस्टर डोकेदुखी. बहुतेक वेळा झोपेतून उठवते, रोज ठरल्या वेळी. अर्धशिशीचा माणूस अंधाऱ्या खोलीत निपचित पडतो, क्लस्टरचा भिंतीवर डोकं आपटतो. हा फरक घरच्यांनी डॉक्टरांना सांगितला तर निदानाची काही वर्षं वाचतात.

तशीच लक्षणं, पण झटका 2 ते 30 मिनिटांचा आणि दिवसात पाचपेक्षा जास्त वेळा, तर पॅरॉक्सिस्मल हेमिक्रेनिया. ही ओळखणं फार महत्त्वाचं, कारण ती इंडोमेथॅसिन या एका औषधाने जवळपास पूर्ण थांबते. 25 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा असं सुरू करून लागेल तसं वाढवतात, सोबत पोटाच्या संरक्षणाची गोळी. हे औषध न देताच कुणी यंत्र बसवायला सांगत असेल तर दुसरा सल्ला घ्या.

चौथा प्रकार नसेला इजा झाल्यानंतरचा: दाढेचं किंवा सायनसचं ऑपरेशन, गाडीवरून पडून गालाचं हाड मोडणं, चेहऱ्यावरची नागीण. यात सणक कमी आणि सततची आग, बधिरपणा, कपडा लागला तरी झोंबणं जास्त. यंत्राच्या बाबतीत हा प्रकार सगळ्यात महत्त्वाचा, पुढे येईलच.

दोन दाढा काढल्या तरी दुखतंच आहे. तिसरी काढू का?

नको. दाताच्या एक्स-रेमध्ये काही दिसत नसेल आणि सणक स्पर्शाने उठत असेल, तर आधी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा. चांगला दात काढल्याने नस शांत होत नाही, उलट कधी वर सांगितलेला चौथा प्रकार मागे लागतो.

'औषधांनी आवरत नाही' असं कधी म्हणायचं?

गोळी घेतली आणि राहिलं नाही, एवढ्याने नाही. योग्य औषध, पुरेशा डोसमध्ये, पुरेसे दिवस घेऊन बघितलं पाहिजे.

न्यूराल्जियाचं पहिलं औषध कार्बामॅझेपिन. 100 मिलिग्रॅमपासून सुरू करून दर काही दिवसांनी वाढवतात. कित्येकांना दिवसाला 600 ते 1200 मिलिग्रॅम लागतात. 200 वर अडकून 'लागू पडलं नाही' म्हणणारे खूप भेटतात. सुरुवातीला झोप येते, तोल जातो. रक्तातलं सोडियम उतरतं, म्हणून ते तपासत राहावं लागतं, वयस्करांचं तर नक्कीच. पहिल्या काही आठवड्यांत अंगावर पुरळ किंवा तोंडात फोड आले तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरांना गाठा. आपल्याकडच्या काही लोकांत एक अनुवंशिक खूण असते, एचएलए-बी 1502, त्यांच्यात ही त्वचेची रिअ‍ॅक्शन जिवावर बेतू शकते. शक्य असेल तर ती चाचणी औषधाआधी करतात.

क्लस्टरमध्ये झटके रोखायला व्हेरापामिल. दिवसाला 240 मिलिग्रॅमपासून सुरुवात, आणि डोस वाढवताना दर वेळी ईसीजी. हृदयाच्या ठोक्याचा करंट अडतोय का ते त्यात दिसतं. ईसीजी न काढता डोस वाढवत नेणं धोक्याचं. मानेच्या मागे, कवटीच्या कडेला असलेल्या ऑक्सिपिटल नसेजवळ स्टिरॉइड आणि भूल यांचं इंजेक्शन हाही चांगला उपाय आहे. मोठं यंत्र लागत नाही, काही मिनिटांचं काम, अनेकांना काही आठवडे आराम मिळतो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, ती बघा.

वर्षभरात झटक्यांतून सलग तीन महिन्यांचीही सुटका मिळाली नाही तर तिला क्रॉनिक क्लस्टर म्हणतात. क्लस्टरमध्ये यंत्राचा विचार होतो तो साधारण याच लोकांसाठी, आणि तोही दोन-तीन औषधं नीट वापरून झाल्यावर.

ऑक्सिजनने क्लस्टर थांबतं म्हणतात. कोविडमधलं कॉन्सन्ट्रेटर घरी आहे, चालेल?

चालणार नाही. घरगुती कॉन्सन्ट्रेटर मिनिटाला 5 लिटर देतो, मोठा 10. इथे लागतो शंभर टक्के ऑक्सिजन, मिनिटाला 12 ते 15 लिटर, पिशवी असलेल्या नॉन-रिब्रीदर मास्कमधून, 15 ते 20 मिनिटं, पुढे वाकून बसून. नाकात घालायच्या नळीने काही होत नाही. ऑक्सिजन लागू पडत नाही म्हणणाऱ्या बहुतेकांकडे मास्क चुकीचा असतो किंवा मीटर 6 वर असतो.

हिशोब असा: लहान बी टाइप सिलिंडरमध्ये साधारण 1500 लिटर. मिनिटाला 12 लिटर, 15 मिनिटं, म्हणजे एका झटक्याला 180 लिटर. सात-आठ झटक्यांत संपला. रोज दोन झटके येणाऱ्याला आठवडाही पुरत नाही, त्याने 7000 लिटरचा जंबो घ्यावा, साखळीने भिंतीला बांधून ठेवावा. खोलीत बिडी, उदबत्ती, गॅस काही नको. दमा किंवा फुफ्फुसाचा जुना आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

हे सगळं यंत्राच्या पानावर का? कारण चार लाखांचं यंत्र बसवायला निघालेल्या माणसाने योग्य मास्क कधी लावलेलाच नाही, असं घडतं.

नसेला करंट देतात म्हणजे शॉक देतात का?

नाही. शॉकशी काही संबंध नाही. नसेच्या वाटेवर, कातडीखाली बारीक वायर ठेवतात, तिला लीड म्हणतात. तिच्या टोकाला चार किंवा आठ धातूचे कडे असतात. छातीत किंवा कमरेजवळ बसवलेल्या बॅटरीतून त्या कड्यांना अगदी सौम्य ठोके जातात. तुम्हाला जाणवतात त्या मुंग्या.

कोपर दारावर आपटलं की आपण चोळतो आणि बरं वाटतं. स्पर्श नेणारे जाड तंतू चेतले की दुखणं नेणाऱ्या बारीक तंतूंचा निरोप पुढच्या टप्प्यावर अडतो. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 मध्ये ही 'दार' कल्पना मांडली. 1967 मध्ये वॉल आणि स्वीट यांनी स्वतःच्या गालातल्या, डोळ्याखालच्या नसेत सुई घालून करंट देऊन पाहिला. म्हणजे या शास्त्राची सुरुवातच चेहऱ्यावरून झाली.

वायर मानेच्या मागे आणि दुखणं डोळ्यात, हे कसं?

मानेतल्या वरच्या नसा आणि चेहऱ्याची पाचवी नस यांचे निरोप मेंदूच्या बुंध्यात आणि मानेच्या मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी उतरतात. दोन गल्ल्यांचं पाणी एकाच चेंबरमध्ये यावं तसं. म्हणून मागून ऑक्सिपिटल नसेला ठोके दिले की पुढच्या डोळ्यामागचं क्लस्टर काही लोकांत कमी होतं.

इजेमुळे दुखणाऱ्या नसेसाठी मात्र लीड दुखऱ्या फांदीवरच ठेवतात: कपाळासाठी भुवईच्या वर, गालासाठी डोळ्याच्या खाली. क्लस्टरसाठी टाळूच्या मागे असलेल्या एका मज्जागाठीत बसवायचं छोटं यंत्रही निघालं होतं, निकाल बरे होते, पण बनवणारी कंपनी बंद पडली आणि यंत्र बसवलेल्यांची पंचाईत झाली. यंत्र घेताना 'दहा वर्षांनी याची बॅटरी आणि प्रोग्रॅमर (सेटिंग बदलायचं उपकरण) कोण देणार' हा प्रश्न विचारायचा, तो यासाठी.

क्लस्टरसाठीच मेंदूत खोल वायर बसवण्याचा प्रयोग इटलीत मिलानमध्ये 2000 साली झाला. तो अगदी शेवटचा पर्याय, कारण मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

मग कुणाला उपयोग होतो, कुणाला नाही?

सरळ सांगतो. नमुनेदार ट्रायजेमिनल न्यूराल्जियाला हे यंत्र पहिला उपाय नाही, दुसराही नाही. एमआरआयमध्ये रक्तवाहिनी नसेला चिकटलेली दिसत असेल आणि माणूस भूल सोसण्याइतका धडधाकट असेल, तर ती वाहिनी बाजूला करून मध्ये टेफ्लॉनचा तुकडा ठेवण्याचं ऑपरेशन जास्त टिकाऊ. ते जमत नसेल तर सुईने नस तापवणं, फुग्याने दाबणं किंवा गॅमा नाइफ, म्हणजे नसेवर बाहेरून नेमका किरणांचा मारा. एमआरआय साधा नको, नसांचे पातळ काप दाखवणारा हवा. चिठ्ठीवर सिस (CISS) किंवा फिएस्टा (FIESTA) असं लिहून घ्या, ही अशा एमआरआयची नावं.

यंत्राचा खरा उपयोग दोन ठिकाणी: इजेनंतरची सततची आग, आणि औषधांना न जुमानणारं क्रॉनिक क्लस्टर. इजेच्या दुखण्यात त्या भागात थोडी तरी संवेदना शिल्लक हवी. गाल पूर्ण बधिर आणि तरीही आग, अशा वेळी मुंग्या पोचवायला नसच उरलेली नसते आणि यंत्र सहसा वाया जातं.

क्लस्टरमध्ये ऑक्सिपिटल नसेवरच्या सगळ्यात मोठ्या चाचणीत, जी 2021 मध्ये प्रसिद्ध झाली, झटके साधारण निम्म्यावर आले. मात्र पूर्ण ताकदीचा करंट आणि 30 टक्के ताकदीचा करंट, दोन्ही गटांत सारखेच आले. याचा अर्थ कमी करंट पुरतो, की काही भाग वेळेचा आणि विश्वासाचा आहे, यावर तज्ज्ञांत एकमत नाही. 'झटके बंद होतील' असं कुणी लिहून देत असेल तर तिथून उठा.

ऑपरेशनशिवाय, बाहेरून लावायचं काही नाही का?

आहे. कपाळाला चिकटवायचं यंत्र अर्धशिशीसाठी आहे, रोज 20 मिनिटं. ते चेहऱ्याच्या न्यूराल्जियासाठी नाही, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. मानेवर धरून व्हेगस नसेला दोन-दोन मिनिटं ठोके देणाऱ्या यंत्राला अमेरिकेत 2017 मध्ये एपिसोडिक क्लस्टरच्या (मध्ये काही महिने सुटका देणाऱ्या) झटक्यासाठी मान्यता मिळाली. क्रॉनिकवाल्यांचा झटका थांबवायला त्याचा तितका उपयोग दिसला नाही.

फिजिओथेरपीतलं टेन्स यंत्र स्वस्त आहे, इजेच्या दुखण्यात करून बघायला हरकत नाही. पॅड दुखऱ्या जागेच्या कडेला, 80 ते 100 हर्ट्झ, फक्त मुंग्या येतील एवढंच, 20 ते 30 मिनिटं. डोळ्यावर आणि गळ्याच्या पुढच्या बाजूला पॅड लावायचं नाही. पेसमेकर असेल तर अजिबात नाही. उन्हाळ्यात घामाने पॅड सुटतं आणि उरलेल्या कोपऱ्यात करंट एकवटून चटका बसतो, आधी कातडी पुसून कोरडी करा.

ट्रायलमध्ये काय करतात?

ट्रायल म्हणजे कायमचं यंत्र बसवण्याआधी काही दिवस तात्पुरती लीड लावून बघणं. जागा बधिर करून वाकवलेली पोकळ सुई कातडीखाली सरकवतात, एक्स-रेच्या पडद्यावर बघत. कपाळासाठी सुई कानशिलाजवळ केसांच्या कडेतून जाते, म्हणजे व्रण दिसत नाही. सुई किती खोल न्यायची हे नेमकं साधावं लागतं: वरवर राहिली तर कातडी जळजळते, खोल गेली तर स्नायू फडफडतो. तुम्ही जागे असता. 'कुठे मुंग्या येतात?' असं विचारतील तेव्हा बोट ठेवून दाखवा. दुखऱ्या जागेवर मुंग्या पोचल्या नाहीत तर लीड हलवतात. संकोचाने 'हां, येतंय' म्हणू नका, तिथेच पुढचं सगळं ठरतं.

वायरचं टोक बाहेर, छोट्या पेटीला जोडलेलं. पाच ते सात दिवस घरी राहायचं, नेहमीची कामं करायची, डोक्यावरून आंघोळ नाही. रोज लिहायचं. 'बरं वाटलं' असं नको, असं लिहा: 'सकाळी 7, दात घासले, झोंबलं नाही. दुपारी 2, भाकरी खाल्ली, आग 10 पैकी 4. रात्री पेटी दोन तास बंद, आग 8.' निम्म्याहून जास्त फरक आणि गोळ्या किंवा झोप यांत दिसणारा बदल असेल तरच पुढे जायचं. एप्रिल-मेमध्ये ट्रायल शक्यतो टाळा. 40 अंशांच्या वर पारा गेला की घामाने पट्टी सुटते आणि जंतू आत जातात.

क्लस्टरमध्ये मात्र आठवड्याच्या ट्रायलवरून काही ठरत नाही. तिथे परिणाम यायला आठवडे, कधी महिने लागतात, म्हणून काही ठिकाणी ट्रायल न करताच दोन्ही बाजूंना लीड बसवतात. एकाच बाजूला बसवली तर झटका कधी कधी दुसऱ्या बाजूला सरकतो.

कायमचं यंत्र बसवताना आणि नंतर काय जपायचं?

पूर्ण भूल, साधारण दोन-तीन तास. बॅटरी गळपट्टीच्या हाडाखाली किंवा कमरेच्या मागे. लीड कातडीखालून तिथपर्यंत ओढतात आणि वाटेत एक सैल वेटोळं ठेवतात, मान वळली की ताण त्या वेटोळ्यात जिरावा म्हणून. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची सरासरी साखर आधी आटोक्यात हवी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या ज्यांनी दिल्या त्यांनाच विचारून थांबवायच्या, परस्पर नाही.

पहिले सहा ते आठ आठवडे सगळ्यात महत्त्वाचे. लीडभोवती तंतू धरून ती घट्ट व्हायला एवढा वेळ लागतो. तोवर मान झटक्यात वळवायची नाही, हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मागावर उभं राहून तुटलेला धागा सांधायला डोकं सारखं खाली-बाजूला घालावं लागतं, विड्या वळताना तासन्‌तास मान खाली असते. दोन्ही कामांना दोन महिने सुट्टी धरूनच तारीख घ्या. ऑक्सिपिटल लीड असेल तर हेल्मेटची मागची कड बरोबर तिच्यावर दाबते. हेल्मेट सोडायचं नाही, जखम भरेपर्यंत गाडीच सोडायची.

सेटिंग कोण ठरवतं?

पहिल्यांदा डॉक्टर आणि तंत्रज्ञ, नंतर ठरलेल्या मर्यादेत रिमोटने तुम्ही. ठोके साधारण सेकंदाला 40 ते 60. मुंग्या जाणवतील पण टोचणार नाहीत, इतपत. पहिल्या तीन महिन्यांत तीन-चार फेऱ्या होतात. पुण्याला असेल तर सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आणि संध्याकाळची परतीची, एका दिवसात होतं.

काय काय बिघडतं?

लीड सरकते, हे सगळ्यात जास्त. काल गालावर येणाऱ्या मुंग्या आज कानाजवळ यायला लागल्या तर समजायचं. कधी सेटिंग बदलून भागतं, कधी पुन्हा ऑपरेशन. जंतुसंसर्ग झाला (लाली, पाणी, ताप) तर नुसत्या गोळ्यांनी बहुधा भागत नाही, सगळं सामान काढावं लागतं. कपाळाची कातडी पातळ, तिथे लीड हळूहळू वर येऊन कातडी चमकायला लागते. चमकताना दाखवा, फाटल्यावर नाही. बॅटरी संपली की क्लस्टरचे झटके काही दिवसांत परत येतात. न रिचार्ज होणारी बॅटरी जास्त करंटवर काही वर्षांतच संपते आणि बदलायला पुन्हा चिरा. रिचार्जची जास्त वर्षं टिकते, पण चार्जिंगला शिस्त लागते. रात्री वीज जाईल म्हणून दिवसाच करा.

एमआरआय, मेटल डिटेक्टर, शेकाचं यंत्र?

पुढे एमआरआय लागू शकतो, म्हणून चालणारं मॉडेल आधीच मागा, आणि कुठल्या अटींवर चालतो ते कार्डावर लिहून घ्या. स्टेशनच्या किंवा विमानतळाच्या चौकटीतून जाताना ओळखपत्र दाखवा, चौकटीत रेंगाळू नका. आर्क वेल्डिंगपासून लांब.

सगळ्यात मोठी मनाई शॉर्टवेव्ह डायथर्मीला. गुडघ्याला शेक घ्यायला गेलात तरी नाही. लहरी वायरमध्ये शिरून टोकं तापतात आणि नस भाजते, यंत्र बंद असलं तरी. कुठलंही दुसरं ऑपरेशन असेल तर सर्जनला आधी सांगा, यंत्र बंद करून बायपोलर कॉटरी (चिमट्याच्या दोन टोकांतच करंट ठेवून रक्त थांबवणारं उपकरण) वापरायला हवी.

यंत्र बसलं की गोळ्या बंद?

एकदम नाही. कार्बामॅझेपिन अचानक थांबवणं वाईट. आठवड्याला थोडी थोडी उतरवतात, बहुतेकांची कमी होते, सगळ्यांची सुटत नाही. बिडी-सिगारेट मात्र सोडा. जखम भरण्यासाठी तरी.

सोलापुरात काय होतं आणि कशासाठी बाहेर जावं लागतं? खर्च?

निदान, एमआरआय, औषधं, ईसीजी, नसेचं इंजेक्शन, ऑक्सिजन हे सगळं इथे जमतं. सिव्हिलमध्ये आधी मेडिसिन विभागात दाखवा, जुने कागद बरोबर न्या. यंत्रासाठी पुणे, मुंबई किंवा हैदराबाद. निवडताना भिंतीवरचे सत्कार पाहू नका, इतकंच विचारा: अशी किती यंत्रं बसवली, त्यातली किती काढावी लागली, प्रोग्रॅमिंगला तंत्रज्ञ कायम असतो का?

एकट्या यंत्राचीच किंमत लाखांत जाते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचं पॅकेज बसतं का हे आरोग्यमित्राकडून यादीत बघून घ्या, तोंडी 'बसतं' वर जाऊ नका. विमा असेल तर मंजुरी लेखी आणि ऑपरेशनच्या आधी. धर्मादाय रुग्णालयांत 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. रेशनकार्ड, आधार आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटा. तरीही यंत्राचा खर्च त्यात धरला जातो का, ते वेगळं विचारा.

कुठली लक्षणं दिसली तर यातलं काही वाचत बसू नये?

आयुष्यातलं सर्वांत भयंकर डोकं एकाएकी, सेकंदांत चढलं. तापासोबत मान आखडली. बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला, एकाचं दोन दिसतं. पन्नाशीनंतर कानशील पहिल्यांदाच दुखतंय, जबडा चावताना थकतो आणि नजर अंधुक होते. तिशीतल्या माणसाला दोन्ही गालांत न्यूराल्जिया सुरू झाला. पहिल्या तिघांत थेट इमर्जन्सी, चौथ्यात त्याच दिवशी डॉक्टर, कारण उशीर झाला तर डोळा जातो. पाचव्यात त्याच आठवड्यात न्यूरॉलॉजिस्ट आणि एमआरआय.